मदत हवी आहे : तंबाखू बोर्डाच्या लिलावात घालायची आहे, नाव कुठं नोंदवायचं?

दूधगंगाकाठ
माल घरात पडून आहे. व्यापारी येतो, मूठभर माल हातात चोळतो, वास घेतो आणि गेल्या सालापेक्षा कमी भाव सांगून जातो. वर म्हणतो, जीएसटी तुमच्याच हिशेबपट्टीतनं कापणार. गेल्या सालचे पैसे दिवाळी झाल्यावर मिळाले, तेपण तुकड्या-तुकड्यानं. परवा मोबाइलवर कर्नाटकातल्या लिलावाचा व्हिडिओ बघितला. गठ्ठे रांगेत मांडलेत, व्यापाऱ्यांच्या हातात यंत्र, किलोला दोनशेच्या वर बोली, पैसे सरळ बँकेत. आमच्या मालाला तसं का नाही? बोर्डात नाव कुठं घालायचं आणि कागद काय लागतात एवढंच सांगा. घाई आहे. तंबाखू वाईट असते हे सांगायला कुणी येऊ नका, माहीत आहे.

सीमावासी
गाव कुठलं? बिडीची तंबाखू की सिगारेटची व्हर्जिनिया? पान आहे की कुटून चुरा केलाय? व्यापारी आपल्या बाजूचा की कर्नाटकातल्या निपाणीचा? यातलं काहीच लिहिलं नाही, उत्तर काय देणार?

दूधगंगाकाठ
तंबाखू म्हणजे तंबाखू. आजोबांपासून लावतात तीच. कागल तालुका. मी कागद कुठले लागतात ते विचारलंय.

हरभरा_भाकरी
ऊस का लावत नाही? कारखाना जवळ, तोडणी दारात, बिल खात्यावर. तंबाखूचे शेंडे खुडा, फुटवे काढा, हात काळे करून घ्या, आणि शेवटी व्यापाऱ्याच्या पाया पडा. आम्ही कधीच सोडली.

माळावरचा
@हरभरा_भाकरी तुमच्या रानाला पाणी असेल. माळाला ऊस येतो का? तंबाखू थंडीच्या दवावर आणि जमिनीतल्या ओलीवर निघते म्हणून लोक लावतात. आणि तोडणी दारात? टोळीला एन्ट्री, म्हणजे वरचे पैसे, न देता तोड मिळाली असेल तर तुमचा सत्कार करायला पाहिजे.

हुणसूरकर_जावई
कागल म्हणजे बिडीचीच. दादा, थोडं लांबतंय पण वाचा, नाहीतर पेट्रोल जाळून गुंटूरला जाल.

मी नोकरीनिमित्त कर्नाटकात हुणसूरला होतो. तुम्ही बघितलेला लिलाव तंबाखू मंडळाचा, म्हणजे तुमच्या बोर्डाचा, आणि तो फक्त व्हर्जिनियासाठी. मंडळ १९७५ च्या कायद्यानं झालं, १ जानेवारी १९७६ पासून चालू, मुख्य कार्यालय गुंटूरला. लिलाव कर्नाटकात १९८४ ला आणि आंध्रात १९८५ ला सुरू झाले. हुणसूर, पेरियापट्टण, रामनाथपूर या बाजूला मंडळाची लिलाव केंद्रं आहेत. तिथली लागण पावसाळ्याच्या तोंडावर होते. पान भट्टीच्या खोलीत टांगून उष्णतेवर पिवळं करतात. आपलं बिडीचं पान उन्हात वाळतं. पीकच वेगळं समजा.

आणि तिथं कुणीही गठ्ठा घेऊन जाऊन बसत नाही. आधी शेतकऱ्याची नोंदणी, भट्टीला परवाना, वर हंगामाला किती पिकवायचं याची मर्यादा. जादा पिकवलं तर दंडाची भानगड, मग सरकारनं सूट द्यावी म्हणून मोर्चे. गठ्ठा केंद्रावर गेला की मंडळाचा माणूस प्रत लावतो, मग व्यापारी यंत्रावर बोली टाकतात. बोली पटली नाही तर शेतकरी गठ्ठा परत ठेवू शकतो. हे शेवटचं मात्र आपल्याकडं यायला पाहिजे होतं.

दूधगंगाकाठ
म्हणजे बिडीच्या तंबाखूला बोर्ड नाहीच? मग व्हिडिओखाली "तंबाखू उत्पादकांसाठी सुवर्णसंधी" कशाला लिहितात?

हुणसूरकर_जावई
लिहिणाऱ्याचं काय जातंय.

निवृत्त_पोटमास्तर
निपाणीचा विषय निघाला म्हणून सांगतो. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये शरद जोशींनी तंबाखू शेतकऱ्यांना घेऊन निपाणीला पुणे-बंगलोर रस्ता अडवला होता. रस्त्यावरच चुली, रस्त्यावरच मुक्काम. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. मागणी साधी होती, भाव द्या. आणि त्याआधीची गंमत आजच्या पोरांना ठाऊक नाही. १९७९ च्या अर्थसंकल्पात कच्च्या तंबाखूवरचं उत्पादन शुल्क उठलं. तोवर पीक आपलं, पण नोंद अबकारी खात्याच्या वहीत. साहेब खळ्यावर आला की घरात चहाची धावपळ.

सीमावासी
काका, माहिती भारी आहे, पण त्यांनी विचारलंय माल कुठं विकू.

निवृत्त_पोटमास्तर
तेच सांगतोय. एकट्यानं व्यापाऱ्यापुढं उभं राहिलं की असंच होणार.

पुण्यातला_भाचा
राग मानू नका, पण आपण काय पिकवतो याचा विचार व्हायला हवा. तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण मी जवळून पाहिलेत. औषधी वनस्पतींना आता चांगली मागणी आहे.

माळावरचा
पहिल्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य वाचा. आणि तुमच्या औषधी वनस्पती घ्यायला कोण येतो, त्याचा नंबर टाका. तोही असाच चोळून वास घेतो का बघू.

समितीत_होतो
बाजार समितीत बरीच वर्षं काढलीत, म्हणून कामाचं सांगतो. महाराष्ट्राच्या १९६३ च्या बाजार समिती कायद्याच्या अनुसूचीत तंबाखू आहे. म्हणजे समितीच्या क्षेत्रात खरेदी करणाऱ्याकडं परवाना पाहिजे, वजन अधिकृत काट्यावर पाहिजे आणि हिशेबपट्टी लेखी पाहिजे. मोडतं कुठं, तर खळ्यावर. व्यापारी गाडी घेऊन घरी येतो, चुलत्याची ओळख सांगतो, पोती भरतो आणि भाव "बाजार बघून ठरवू" म्हणतो. भाव न ठरवता माल वखारीत गेला, की तुम्ही विकणारे राहत नाही, मागणारे होता.

आता खरा प्रश्न. व्यापारी निपाणीचा आहे का? असेल तर सौदा कुठं झाला, हे आधी कागदावर आणा. माल तुमच्या गावात उचलला आणि पट्टी निपाणीच्या पेढीची असली, तर पैसे अडकल्यावर इकडची समिती म्हणते तिकडं जा, तिकडची म्हणते इकडं. मधी राज्याची सीमा. मी अशा तक्रारी फिरताना बघितल्यात.

दूधगंगाकाठ
निपाणीचाच आहे. पट्टी कसली, वहीतलं पान फाडून आकडा लिहून देतो. सही पण इंग्रजीत, कुणाची ते कळत नाही.

समितीत_होतो
मग झालं. परवान्याची झेरॉक्स मागा. देत नसेल तर माल घरातच बरा.

वारणेचा_वाघ
लिलाव लिलाव काय करताय? कोल्हापूरला गुळाचे सौदे उघड बोलीनंच होतात ना? तिथं तरी शेतकरी खूश आहे का? दर पडला की सौदे बंद पाडायला लागतात. घेणारे मोजके असले आणि त्यांचं आतनं जमलेलं असलं, तर बोली ओरडून लावा नाहीतर यंत्रावर लावा, भाव तोच.

हुणसूरकर_जावई
अर्धं बरोबर. व्हर्जिनियाच्या केंद्रावरपण भाव पडला की शेतकरी लिलाव थांबवतात. पण थांबवता येतो, कारण सगळ्यांचा माल एका जागी आणि सगळ्यांसमोर असतो. खळ्यावर काय थांबवणार? गाडी?

वारणेचा_वाघ
माझं म्हणणं, गावातल्या दहा जणांनी माल एकत्र करून विकावा.

माळावरचा
दहा जण एकत्र आले तर आधी अध्यक्ष कोण यावर दोन वर्षं जातील.

हिशेबनीस_गडहिंग्लज
जीएसटीचं कुणीच बोललं नाही. शेतकऱ्याकडून तंबाखूचं पान विकत घेतलं, तर त्यावरचा कर भरायची जबाबदारी घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यावर असते. रिव्हर्स चार्ज म्हणतात त्याला. शेतकऱ्यानं भरायचा नसतो आणि पट्टीत त्या नावानं वजावट दाखवायचीही नसते. तो म्हणेल, मग भाव तेवढा कमी धरतो. धरू दे, पण भाव म्हणून धरू दे, म्हणजे दुसऱ्याच्या भावाशी ताडून बघता येतो. बिलात मालाचं वर्णन काय घालतो तेही बघा. पान की चुरा, त्यावरून कराचा घोळ होतो.

दूधगंगाकाठ
हे आधी सांगायचं ना राव. गेल्या साली कापलेत की त्यानं.

हिशेबनीस_गडहिंग्लज
धागा आत्ता बघितला. गेल्या सालचा कागद ठेवलाय का?

परसबाग_राजारामपुरी
कुणाकडं तंबाखूच्या काड्या मिळतील का? थोड्याच हव्यात. भिजवून ते पाणी वांग्यावरच्या मावा किडीवर मारायचं आहे. गच्चीवर कुंड्या आहेत.

सीमावासी
ताई, वेगळा धागा काढा. आणि मारताना तोंडाला रुमाल बांधा, हातमोजेपण घाला, निकोटीन कातडीतनंपण आत जातं.

समितीत_होतो
@दूधगंगाकाठ माल किती आणि कशात आहे, अजून सांगितलं नाही.

दूधगंगाकाठ
कुटून पोत्यात भरलाय, काडी वेगळी काढलीय. टेम्पोभर होईल. जयसिंगपूरचा एक व्यापारी आहे असं पाहुणे म्हणाले, त्याच्याकडं परवाना आहे आणि धनादेश देतो म्हणे. निपाणीवाल्यालापण उद्या सकाळीच बोलावलंय. दोघांना एकदम.

हुणसूरकर_जावई
हे झ्याक केलं. तुमचा लिलाव घरातच.

वारणेचा_वाघ
दोघं एकमेकांचे पाहुणे निघाले नाहीत म्हणजे झालं.

समितीत_होतो
दोघांना वाणगी, म्हणजे नमुना, एकाच पोत्यातनं दाखवा, आणि पोतं तुम्ही निवडा. नाहीतर एकजण वरची मूठ घेईल, दुसरा तळातली भुकटी काढून नाक मुरडेल. भाव, रिकाम्या पोत्याची वजावट, हमाली आणि पैशाची तारीख, सगळं काट्याच्या आधी लिहून घ्या. काट्यानंतर व्यापाऱ्याची आठवण कच्ची होते.

माळावरचा
काटा सकाळी लवकर लावू नका. दवानं माल नरम असतो, वजन जास्त भरतं म्हणून आपण खूश होतो आणि तो ओल म्हणून त्यापेक्षा जास्त घट धरतो. उन्हं वर येऊ देत.

दूधगंगाकाठ
नऊला बोलावलंय. अकरा करतो. जयसिंगपूरवाल्याला आत्ता फोन लावतो, निपाणीवाला तसाही उशिराच येतो.

परसबाग_राजारामपुरी
काडी वेगळी काढलीय म्हणालात, तीच दिली तरी चालेल. किती रुपये?