व्यवसाय-समुदायाचे नाव व डोमेन बदलताना सभासद आणि जुने दुवे कसे टिकवावेत?

प्रश्न – संचालक
लहान व्यावसायिकांच्या एका ऑनलाइन समुदायाचे काम मी पाहतो. आरंभी तो केवळ निर्यातदारांसाठी होता आणि नावातही तोच शब्द असल्यामुळे इतर व्यवसायांतील मंडळी ‘हे आपल्यासाठी नाही’ असे समजून परत जातात. म्हणून व्यापक अर्थाचे नवे नाव ठरवले असून डोमेनही घेतले आहे. मात्र आमच्या जुन्या चर्चा गूगलवर वरच्या क्रमांकांत दिसतात आणि बहुतेक नवे सभासद तेथूनच येतात. हा ओघ न तुटता स्थलांतर कसे करावे, त्याच वेळी नवी मांडणी व नवे सॉफ्टवेअर आणावे काय, आणि जुने डोमेन किती काळ ठेवावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – शोधयात्री
नाव, मांडणी आणि सॉफ्टवेअर एकाच वेळी बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे वाचक घटले तर ते नेमके कशामुळे घटले हे कोणालाच सांगता येत नाही. आधी फक्त डोमेन बदला. प्रत्येक जुन्या पानावरून त्याच मजकुराच्या नव्या पानाकडे 301 प्रकारचे, म्हणजे कायमस्वरूपी, रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्याकडे वळवणारी सोय) लावा. सगळी जुनी पाने सरसकट मुखपृष्ठाकडे वळवण्याचा सोपा मार्ग अनेक जण पत्करतात, पण गूगल अशी पाने बहुधा ‘सापडली नाहीत’ याच वर्गात टाकते आणि वर्षानुवर्षांची पुण्याई वाया जाते. त्यानंतर सर्च कन्सोल या गूगलच्या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या साधनात दोन्ही डोमेनची मालकी सिद्ध करून पत्ताबदलाची नोंद करा. रीडायरेक्ट किमान 1 वर्ष चालू ठेवावेत, अशी गूगलची शिफारस आहे. जुन्या डोमेनचे सुरक्षा-प्रमाणपत्रही वेळच्या वेळी नूतनीकृत करावे लागते, कारण ते संपले की रीडायरेक्ट होण्याआधीच ब्राउझर धोक्याची सूचना दाखवतो आणि आलेला माणूस तेथूनच माघारी फिरतो.

उत्तर – कुलूपकिल्ली
शोधयंत्रांची चिंता रास्त आहे, पण माझ्या मते खरी अडचण लॉगिनची आहे. कुकी, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणारी ब्राउझरमधील छोटी नोंद, डोमेनशी बांधलेली असल्यामुळे सगळे सभासद एकदम लॉगआउट होतील आणि नव्या पत्त्यावर पासवर्ड मॅनेजरही जुना पासवर्ड आपोआप भरणार नाही. सावध सभासदाला हा फसवणुकीचाच प्रकार वाटेल, आणि तसे वाटण्यात त्याची चूक नाही. पासकी (पासवर्डऐवजी उपकरणात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा सिक्युरिटी की (लॉगिनसाठीचे छोटे उपकरण) वापरणाऱ्यांना तर नव्याने नोंदणी करावी लागेल, कारण त्या ज्या डोमेनवर नोंदवल्या त्याच डोमेनवर चालतात. ट्विटरचे ‘एक्स’ झाल्यावर जुने डोमेन निवृत्त करताना 2025 मध्ये त्यांनाही अशा वापरकर्त्यांना पुनर्नोंदणी करायला सांगावे लागले होते. म्हणून बदलाची सूचना जुन्या पत्त्यावरून, जुन्याच ईमेलवरून आणि बदलापूर्वी द्या. नव्या डोमेनसाठी एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या, ईमेल खरोखर त्याच डोमेनकडून आल्याचे पटवणाऱ्या, नोंदी आधीच करून ठेवा आणि पहिल्याच दिवशी सर्वांना एकगठ्ठा ईमेल पाठवू नका. ज्या डोमेनवरून कधी टपाल आलेलेच नाही, त्याच्याकडून अचानक आलेला लोंढा स्पॅममध्ये जाण्याचीच शक्यता अधिक.

संचालक
दोघांचेही आभार. मांडणी आणि सॉफ्टवेअरचे काम पुढे ढकलतो. जुन्या चर्चांच्या मजकुरात आमचे जुने नाव आणि पत्ता ठिकठिकाणी आहे. डेटाबेसमध्ये शोधून तो एका झटक्यात बदलावा काय?

उत्तर – शोधयात्री
दुव्यांचे पत्ते बदला, पण पूर्ण पत्ता जुळतो याची खात्री करून आणि डेटाबेसची प्रत काढून ठेवूनच. एप्रिल 2024 मध्ये ‘एक्स’च्या आयफोन ॲपने ‘ट्विटर डॉट कॉम’च्या जागी ‘एक्स डॉट कॉम’ दाखवायला सुरुवात केली, तेव्हा त्या अक्षरांनी संपणारे इतरांचे पत्तेही बदललेले दिसू लागले. ‘नेटफ्लिट्विटर डॉट कॉम’ हे चक्क ‘नेटफ्लिक्स डॉट कॉम’ दिसत होते, दुवा मात्र मूळच्याच पत्त्यावर जात होता. सभासदांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेले जुने नाव तसेच राहू द्या.

उत्तर – कुलूपकिल्ली
जुने डोमेन किती काळ ठेवावे, याचे उत्तर राहिलेच: कधीही सोडू नये. ते दुसऱ्या कोणी घेतले, तर तुमचे रीडायरेक्ट बंद पडतीलच, शिवाय जुन्या डोमेनवरील ईमेलवर येणारे टपाल त्याच्या हाती जाईल. बँक, पेमेंट सेवा किंवा डोमेन नोंदणीच्या खात्यांत तोच ईमेल असेल, तर पासवर्ड बदलण्याचा दुवाही त्यालाच मिळेल. अशी सगळी खाती शोधून त्यांतील ईमेल स्थलांतराच्या आधीच बदलून घ्या.