मदत हवी आहे: लेकीला एंडोमेट्रिओसिस आहे, आणि घरचे म्हणतात लग्न लावून द्या

नमस्कार. आम्ही अमळनेरजवळचे. लेक २२ वर्षांची आहे, एम.एस्सी. करतेय. नववीत होती तेव्हापासून पाळी आली की बेजार होते. एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं. गेल्या मे महिन्यात बाहेर आग ओकणारं ऊन, कूलर घरघरतोय, आणि ही स्वयंपाकघरातल्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. पोटावर गरम पाण्याची पिशवी. वर्षानुवर्षं शेकून शेकून तिच्या ओटीपोटावर जाळीसारखे तपकिरी डाग पडलेत.

आधी ॲसिडिटी म्हणाले, मग जंत, मग 'मुलगी नाजूक आहे'. पहिली सोनोग्राफी नॉर्मल आली तेव्हा मीही तिच्यावर दोनदा चिडले. ते आज फार सलतं. आता डाव्या बीजकोशावर चार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे गाठ, निघालीये. आत जुनं रक्त साचून काळपट, घट्ट होतं, म्हणून ते नाव.

सासूबाई मायेनंच म्हणतात, "लगीन व्हई जाऊ दे, पोर व्हयनं का थांबी जाई." एका डॉक्टरांनीही तेच सांगितलं, म्हणून घरात आता स्थळं बघणं सुरू झालंय.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मिळेल ते वाचत बसले. पाळीचं रक्त गर्भनलिकांमधून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथं रुजतात, असं सॅम्पसन या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९२७ साली मांडलं. पण रक्त उलटं जाणं बहुतेक बायकांत होतं, आजार मात्र साधारण दहांतल्या एकीला. त्या एकीलाच का? जुळ्यांच्या अभ्यासात जवळपास निम्मा वाटा आनुवंशिकतेचा निघाला. माझी आईसुद्धा पाळीत अशीच लोळायची, तिला कधी कुणी विचारलंच नाही. २०२३ मध्ये नागोया विद्यापीठाच्या संशोधकांना बऱ्याच रुग्णांच्या गर्भाशयात फ्युसोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू सापडला. अँटिबायोटिक दिल्यावर उंदरांमधला आजार कमी झाला, पण माणसांसाठी तो उपचार अजून सिद्ध झालेला नाही.

गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काहींचं दुखणं तेवढ्यापुरतं दबतं, आजार त्यानं बरा होत नाही, एवढं मला कळलंय. घरच्यांना कसं पटवू ते कळत नाही.

दुसरा प्रश्न औषधाचा. एक डॉक्टर लगेच दुर्बिणीतून ऑपरेशन करा म्हणतात. दुसऱ्या बाई म्हणतात, आधी डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी देऊन बघू, कारण सिस्ट सोलून काढताना चांगली स्त्रीबीजंही जातात आणि सिस्ट पुन्हा होऊ शकते. तुमच्यापैकी कुणी डायनोजेस्ट वर्षभर किंवा जास्त घेतलंय का? मधेच रक्तस्राव, मूड जाणं, असं किती झालं? ऑपरेशन झालेल्यांनी आधी एएमएच (बीजकोशात किती स्त्रीबीजं उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) केली होती का? जळगाव, धुळे, नाशिक भागात या आजाराचंच काम करणारं कुणी माहीत असेल तर व्यक्तिगत निरोपात कळवा.

आमची डॉक्टरांकडची तारीख येत्या सोमवारी आहे. लेक हा धागा माझ्या शेजारी बसून वाचतेय, तिच्याशी बोलल्यासारखं लिहिलंत तरी चालेल.