मानमोडीचे आकडे
ब्रिटिश सरकारने १९१८ च्या मानमोडीचे, म्हणजे इन्फ्ल्यूएंझाच्या साथीचे, मृत्यू मुद्दाम दडवले, असं काहींचं मत आहे; ते मला अर्धंच पटतं. सिमल्यात बसून कारभार हाकणाऱ्यांना काळजी नव्हती हे खरंच. पण मुळात आकडे येणार कुठून? खेड्यात मृत्यूची नोंद पाटील नाहीतर चौकीदार करणार, आणि मानमोडीत तेच अंथरुणाला खिळलेले! त्यात नोंदवहीत देवी, पटकी, प्लेग यांना वेगळे रकाने, इन्फ्ल्यूएंझाला नाही. मग बहुतेक मृत्यू ‘ताप’ या रकान्यात जिरले.

म्हणूनच सॅनिटरी कमिशनर (सरकारचे मुख्य आरोग्य अधिकारी) नॉर्मन व्हाइट यांचा भारतातल्या मृत्यूंचा १९१९ चा अंदाज साठ लाखांच्या आसपास होता, तर १९२१ च्या जनगणनेनंतर तो सव्वा कोटीच्या घरात गेला. पुढच्या अभ्यासकांनी आणखी वाढवला, ते वेगळंच.