सामूहिक दावा, परतावा, भरपाई: तुमचा वाटा हातात पडला का? (नागपूरकरांचे अनुभव)

राजेहो, ‘ग्राहकांचे पैसे परत करा’ असा आदेश झाला की पेपरात मथळा येतो. पुढं काय होतं ते कोणी छापत नाही, म्हणून हा धागा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५ नुसार ग्राहक आयोगाची परवानगी घेऊन एक-दोघं सगळ्यांच्या वतीनं तक्रार करू शकतात. सरकारी पोर्टलवरून परतावा मिळालेले, परदेशात दावा भरलेले, सगळे चालतील. कंपनीचं नाव टाकू नका.

बेसा_प्लॉटधारक
आमच्या ले-आऊटवाल्यानं एनए (शेतजमीन बिगरशेती) झालं नसतानाच प्लॉट विकले. आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी सगळ्यांसाठी तक्रार केली, आयोगानं परवानगी देऊन पेपरात जाहीर नोटीस काढायला लावली. समोरच्या वकिलाचं पालुपद एकच, की प्रत्येकाचा करार वेगळा, मग हित एक कसं? सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये एका बिल्डरच्या प्रकरणात हेच सांगितलंय: हित समान आहे हे तक्रारीतच नीट मांडावं लागतं, नुसते लोक जास्त असून भागत नाही. आमच्या वकिलानं ते आधीच केलं होतं म्हणून तरलो.

खरी गोची हिशेबाला आली. चेकवाले सुटले. रोख देणाऱ्यांकडं चिठ्ठ्या. एकाच्या लग्नपत्रिकेच्या मागं बॉलपेननं ‘५० मिळाले’, खाली फराटा, तारीख गायब. पन्नास हजार की पन्नास रुपये, यावर अख्खी तारीख गेली बापा! आदेश झाल्यावरही पैसे आले नाहीत. कलम ७२ खाली अर्ज केला. त्यात एक महिना ते तीन वर्षं कैद आहे म्हटल्यावर ले-आऊटवाले साहेब हप्त्यानं देऊन राहिले.

महालची_सून
सासूबाई एका सोसायटीत रोजची बचत भरायच्या, एजंट दुपारी ओट्यावर येऊन पासबुकात आकडा टाकून जायचा. सोसायटी बुडाली. पुढं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं परताव्यासाठी पोर्टल सुरू झालं. अर्ज फुकट आहे, पण आधारला मोबाईल आणि बँक खातं दोन्ही जोडलेलं हवं. फॉर्म छापायचा, फोटो चिकटवायचा, सही करून पुन्हा अपलोड. आमचा परत आला. पासबुकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं!

व्हेरायटी_चौक
मी काहीच केलं नाही. लॉकडाऊनमधल्या कर्जहप्त्यांवर व्याजावर व्याज लागलं होतं. १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळातला चक्रवाढ नि सरळ व्याजातला फरक सरकारनं २ कोटींपर्यंतच्या कर्जांना दिला. माझ्या खात्यात आपोआप आला. दोघांचं सावजी जेवण निघालं, तेही रस्सा एक्स्ट्रा न घेता.

मनीषनगर_रिटर्न
न्यू जर्सीत असताना फोनच्या बॅटरीच्या गाजलेल्या दाव्यात फॉर्म भरला होता. तिकडं आपण न सांगताही दाव्यात धरले जातो, पण पैसे हवे तर मुदतीत फॉर्म भरायचा. फोनचा सिरियल नंबर लागला, तो जुन्या खोक्यावर सापडला. (आई खोकी टाकू देत नाही, तिचा विजय असो.) सुरुवातीला २५ डॉलर म्हणत होते. अपिलं चालली, २०२० चा समझोता, पैसे जानेवारी २०२४ मध्ये. दावे कमी आले म्हणून वाटा वाढून ९२ डॉलरच्या आसपास गेला. बहुतेकांनी कंटाळा केला, आमचं फावलं.

धरमपेठकर_काकू
असले धागे फिरले की फोन येऊ लागतात. ‘ताई, परतावा मंजूर आहे, फक्त जीएसटी भरा.’ ओटीपी मागितला की ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० लावा, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, दोन्हींत गोंधळ नको.

बेसा_प्लॉटधारक
@महालची_सून, नावाचं कसं जुळवलं? आमच्याकडंही दोन वहिनी यातच अडकल्या आहेत.

महालची_सून
आम्ही आधारच बदलायला निघालो होतो. सेतूवाल्या पोरानं अडवलं, ‘काकू, मग पॅन, बँक, रेशनकार्ड सगळंच बदलत बसाल.’ बरोबर होतं त्याचं. लग्नाची नोंदणी तेव्हा कोण करत होतं! प्रतिज्ञापत्र केलं, दोन्ही नावं एकाच बाईची असं लिहून जोडलं नि पुन्हा दाखल केलं. दहा हजार जमा झाले, तेव्हा मर्यादाच तेवढी होती. सप्टेंबर २०२४ मध्ये ती पन्नास हजार झाली, उरलेल्याचा मेसेज अजून नाही. वहिनींना म्हणावं, पासबुकाचं नाव असलेलं पान आधी स्कॅन करून ठेवा, आमच्याकडं तेच फाटायला आलं होतं.