इसबावर हर्पीस झालं, आता डॉक्टर प्रतिकारशक्ती तपासा म्हणतात

जागरण_आई:
मुलगा सात वर्षांचा. तान्हा असल्यापासून इसब आहे, त्यामुळे खाज, खपल्या, रात्रभर जागणं हे सगळं अंगवळणी पडलंय. पण मागच्या आठवड्यात मानेवर आणि गालावर एकाच मापाचे बारीक पाण्याचे फोड आले. ते फुटून टाचणीने टोचल्यासारखे गोल खळगे झाले, सोबत ताप. एरवी रक्त येईपर्यंत खाजवणारा पोरगा हात लावू देईना, "दुखतंय" म्हणून रडायचा. डॉक्टरांनी बघताक्षणी असायक्लोविर हे विषाणूवरचं औषध सुरू केलं, रिपोर्टची वाट पाहिली नाही. नंतर पीसीआरमध्ये हर्पीस सिम्प्लेक्सच निघाला. आता खपल्या धरल्यात.

पण पोटावरचं मोलस्कम (विषाणूमुळे येणाऱ्या बारीक पुळ्या) वर्षभर पसरतंच आहे, बोटांवर चामखिळी आहेत, कान सारखा फुटतो. रक्तातलं आयजीई (ॲलर्जीशी जोडलेलं प्रतिपिंड) खूप वाढलेलं आहे. इसब असलं की हे सगळं होतंच ना? की खरंच तपासण्या करायला हव्यात? सुया टोचून घ्यायला तो आता अजिबात तयार नाही.

जुनी_खाज:
ताई, मी चाळिशीतला इसबवाला. मलाही हे झालंय, पापणीपर्यंत. मी म्हणत होतो इसब उसळलंय, मलम वाढवतो. बायकोने ओढत नेलं. डोळ्यात रंगाचा थेंब टाकून बुबुळाला जखम नाही ना ते पाहिलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. गालावर होतं म्हणता, मग डोळे दाखवलेत का? ते आधी करा. माझ्या प्रतिकारशक्तीत काही दोष निघाला नाही, एवढंही सांगतो.

त्वचा_डॉक्टर:
वरच्या दादांचं डोळ्यांबद्दल अगदी बरोबर. डोळा लाल असेल, पाणी येत असेल किंवा उजेड सहन होत नसेल तर आजच दाखवा.

आता मूळ प्रश्न. इसबात त्वचेची भिंत कच्ची असते आणि तिथली विषाणूंना रोखणारी प्रथिनंही कमी पडतात. म्हणून प्रतिकारशक्ती धड असलेल्यांनाही हे होतं. कापोशी नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने 1887 मध्ये वर्णन केलेला हा आजार आहे. नुसतं आयजीई वाढलंय म्हणूनही मी घाबरणार नाही, तीव्र इसबात ते वाढतंच.

मला खटकतंय ते एकत्र आलेलं चित्र: हर्पीस, न हटणारं मोलस्कम, चामखिळी आणि वर कानाचा संसर्ग. डॉक-8 या जनुकातला दोष असाच दिसतो. 2009 साली तो ओळखला गेला, दुर्मीळ आहे, आणि तुमच्या मुलाला तोच आहे असं मी म्हणत नाही. पण असलाच तर नुसत्या मलमांनी भागत नाही, अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो. तो जितका लवकर कळेल तितकं बरं, म्हणून तपासणी टाळू नका. सुरुवातीला पेशींची मोजणी, आयजीजी, आयजीए, आयजीएम ही प्रतिपिंडं आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे प्रकार एवढं पुरतं. बहुतेक सगळं एकाच वेळच्या रक्तातून होतं. आई-वडील नात्यातले असतील तर डॉक्टरांना नक्की सांगा. रिपोर्ट येईपर्यंत जिवंत विषाणूची लस देऊ नका.

जागरण_आई:
आम्ही नात्यातले नाही. डोळे उद्या दाखवते. रोजचं स्टिरॉइड मलम बंद केलंय, चालेल ना? आणि धाकटीला लागण होईल का?

त्वचा_डॉक्टर:
मलम कायमचं सोडू नका, इसब पुन्हा भडकलं की विषाणूला आयती वाट मिळते. कधी सुरू करायचं ते फोड पाहून तुमचे डॉक्टर सांगतील. असायक्लोविरचा कोर्स मात्र पूर्ण करा. धाकटीचा टॉवेल वेगळा ठेवा. घरात कुणाच्या ओठावर फोड आला तर तो कोरडा पडेपर्यंत दोघांचेही पापे घ्यायचे नाहीत. मोठ्यांना तो किरकोळ वाटतो, बहुतेकदा विषाणू तिथूनच येतो. धाकटीलाही इसब आहे का?

जागरण_आई:
नाही, तिची कातडी छान आहे. ओठावर फोड यांना येतो, दर थंडीत.

जुनी_खाज:
सापडला चोर.