शब्दचर्चा : ठिबकचा ‘बार’ मराठीत कसा लिहायचा?

अंबडकर :
ठिबक संचाच्या माहितीपत्रकाचं इंग्रजीतून मराठी करायलोय, मोसंबीवाल्यांसाठी. एका वाक्यावर गाडी अडली. सबमेनवर (मुख्य पाइपातून फुटणाऱ्या पाइपावर) दाब १ ते १.५ बार ठेवावा असं आहे, मी तसंच लिहिलं, पण त्याच पानावर वर ‘मृग बार धरताना’ असं आलेलं, म्हणजे मृगात मोसंबीला येणारा फुलोरा. मामांना वाचायला दिलं तर ते म्हणले, एका बाराला दाब ठेवायचा अन् दुसऱ्या बाराला नाई का? मामांचं आख्खं आयुष्य मोसंबीत गेलंय, त्यांनी आपल्याकडं जसं बोलतात तसंच वाचलं. तर दाबाच्या बारला दुसरा शब्द हाय का?

परभणीकर :
मुळात ‘मृग बार’ हेच चूक. शब्द बहार आहे, फारसी, वसंत ऋतू. कृषी खात्याच्या पत्रकात मृग बहार, आंबे बहार, हस्त बहार असंच छापतात. तुम्ही बहार लिहा, प्रश्न मिटला.

अंबडकर :
नाई मिटत सर. पाणी तोडून बागेला ताण द्यायचा, पानगळ झाली की खतपाणी करून झाड सोडायचं, ह्या सगळ्या कामाला इकडं ‘बार धरला’ म्हणतात. ‘यंदा ताण नीट बसला नाई म्हणून बार फुटला नाई’ हे वाक्य बहार घालून बोलणारा माणूस मला अजून भेटायचाय.

जालन्याचा मिलवाला :
आमच्यात बार म्हणजे सळई. बिलावर टीएमटी बार, तोंडात सरिया नाहीतर गज. इंग्रजीत मूळ अर्थ हाच ना, दांडा?

काळा कोट, संभाजीनगर :
हाच. जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द, आडवा दांडा. कोर्टात न्यायाधीशांची बाजू आणि इतर लोक यांच्यामध्ये लाकडी कठडा असायचा, त्यावरून वकीलमंडळी म्हणजे बार, आणि बॅरिस्टर पण तिथूनच. दारूच्या बारचं पण तेच, ज्या फळीवरून पेला पुढं करायचे ती फळी. १९८१ ला इथं हायकोर्टाचं खंडपीठ आलं, आम्ही दिवसभर बार रूम, बारची निवडणूक बोलत असतो, खेड्यातल्या पक्षकाराला मात्र नीट समजावून सांगावं लागतं की कुठं यायचंय.

धाराशिवकर :
आमचे आजोबा सांगायचे वकिलांचा बार ‘दरबार’ मधून आलाय. दर म्हणजे दार, बार म्हणजे राजाची भेट. १९४८ पर्यंत इकडं निजामाचं राज्य, कोर्टाचं काम उर्दूत, त्यामुळं मला ते पटतं.

काळा कोट, संभाजीनगर :
दरबारचा अर्थ आजोबांनी बरोबर सांगितला, पण इंग्रजांचा कठडा त्यांच्याच देशातला, निजामाचं राज्य सुरू व्हायच्या कितीतरी आधीचा. दोन शब्द कानाला सारखे लागतात तेवढंच.

नांदेडची :
आणि दाबाचा बार ह्या दोघांपैकी कुणाचाच नाही! तो ग्रीक ‘बारोस’, वजन. बॅरोमीटर त्यातलाच. ग्रीकमधल्या काही ब च्या जागी संस्कृतात ग सापडतो: आपला गौ, त्यांचा ‘बौस’. तसाच आपला गुरू म्हणजे जड आणि त्यांचा ‘बारूस’. म्हणजे ठिबकच्या मीटरवरचा बार हा गुरूचा सख्खा भाऊ. उलट फारसी बार म्हणजे ओझं, तो आपल्या ‘भार’ चा भाऊ. बंदुकीत ठासायचा बार त्यातला, मग तंबाखूचा बार, लग्नाचा बार, फुसका बार.

परभणीकर :
मग ‘भार’ लिहा की. शुद्ध, सोपं.

अंबडकर :
भार म्हणलं की शेतकऱ्याला भारनियमन आठवतं सर. मोटारीवरचा लोड समजतील.

बदनापूरचा फिटर :
आम्ही किलो म्हणतो. ‘दीड किलो प्रेशर ठेवा मामा’ म्हणलं की काटा तिथं आणून ठेवतात, कुणी दुसऱ्यांदा विचारत नाई. १ बार म्हणजे चौरस सेंटीमीटरला १.०२ किलो, शेतात फरक पडत नाई. १० मीटर उंचीच्या टाकीचं पाणी खाली जेवढ्या जोरात येतं तेवढा.

परभणीकर :
किलो वजनाचं माप आहे, दाबाचं नाही. छापील कागदावर असलं चालू नये. १ बार म्हणजे १ लाख पास्कल, तसं लिहा.

बदनापूरचा फिटर :
एक लाख वाचून माणूस व्हॉल्व्हच बंद करील सर. कागद कुणासाठी छापायलेत ते तर बघा.

लातूरकर :
ओझ्यावरून आठवलं, मोंढ्यातलं बारदान (रिकामी पोती) पण ह्यातलंच. दान म्हणजे ज्यात काही ठेवायचं ती वस्तू, फुलदान, पानदान तसं बारदान. खरेदी केंद्रावर बारदाना संपला की तुरीचं माप थांबतं, तवा ह्या शब्दाचं वजन कळतं. अन् बारगीर? शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी.

नांदेडची :
बारगीर त्यातलाच, हो. पण अजून एक, फारसीत बार म्हणजे फळ पण होतं. मग मोसंबीचा बार हा बहारचा अपभ्रंशच कशावरून, स्वतंत्र शब्द का नसावा?

परभणीकर :
कारण मृगात फुलं येतात, फळं नाहीत. आंबे बहार हे नाव पण आंब्याला मोहर येतो त्या वेळेवरून पडलंय. फुलाचाच शब्द आहे तो.

धाराशिवकर :
आमच्याकडं डाळिंबवाले फुलाला कळी म्हणतात, कळी निघाली म्हणतात, अन् फळ सेट झाल्यावरच सांगतात की बार धरला. त्याचं काय करता?