नाणं, नाणां आणि नाणावटी

दांडियाबाजारकर
बडोद्यातल्या आमच्या वाड्याखालचे दुकानदार काका परवा कुरकुरत होते, "हमणां नाणांनी बहु तंगी छे." गल्ल्यात मात्र सुट्ट्यांचा नुसता खच! गुजरातीत नाणां म्हणजे एकूण पैसा. त्यांचा अर्थमंत्रीसुद्धा 'नाणामंत्री', आणि हातात खुळखुळतो तो 'सिक्को'. आमच्या आजीच्या लेखी नाणं एकच, देव्हाऱ्यातला सयाजीमहाराजांचा चांदीचा रुपया. पुढे पगडीतला मुखवटा, मागे 'एक रुपया', संवत आणि समशेर. बाकी सगळे नुसते 'पैसे'. मग मूळ अर्थ कुणाचा, आपला की त्यांचा? आणि कृपा करून नाणेघाटातला जकातीचा रांजण मध्ये आणू नका.

पोथीनिष्ठ
आपला. संस्कृत 'नाणक' म्हणजे ठोकलेलं नाणंच. याज्ञवल्क्यस्मृतीत 'नाणकपरीक्षी', म्हणजे नाणी पारखणारा, येतो. खऱ्याला खोटं किंवा खोट्याला खरं म्हणाला, तर त्याला उत्तमसाहस, म्हणजे सगळ्यात जबर दंड. गंमत अशी की हेच काम करणाऱ्याला कौटिल्य 'रूपदर्शक' म्हणतो, आणि पाणिनीकडे ठसा उमटवलेलं ते 'रूप्य'. मग हे नाणक मध्येच कुठून उपटलं? कुषाणांच्या, म्हणजे कनिष्क-हुविष्काच्या नाण्यांवर नना देवीची मूर्ती असते, बाजूला ग्रीक लिपीत तिचं नाव. तिच्यावरूनच शब्द पडला असं पुष्कळ अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं. लोक नोटेला 'गांधी' म्हणतातच की.

घाटवाटा
रांजण नाही आणत, पण शिलालेख आणतो! नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणा मोजल्यात त्या 'काहापणां'त, म्हणजे कार्षापण या जुन्या नाण्यांत. नाशिकच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात तर भावच देतो, 35 कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं. नाण्यांचे हिशेब दोन्हीकडे आहेत, 'नाणं' हा शब्द नाही.

दांडियाबाजारकर
वा, पोथीनिष्ठ! म्हणजे गुजरातीतला अर्थ नंतर पसरला असणार, आणि मला वाटतं त्यामागे नाणावटी, म्हणजे नाणी पारखून बदलून देणारा सराफ, असावा. इथे एकेकाळी गायकवाडी बाबाशाही आणि इंग्रजी कलदार दोन्ही रुपये चालायचे. नाणावटी रुपया दगडावर वाजवणार, कड बघणार, झिजलेला असेल तर बट्टा कापणार. ज्याचा सगळा धंदाच नाण्यांचा, त्याच्या तोंडी नाणं म्हणजेच पैसा, यात नवल ते काय? आपणही नाणं पारखलं, पण ते माणसांत. 'नाणावलेला गवई' म्हणतोच ना आपण!

घाटवाटा
आणि नावाला लागतो तो बट्टाही सराफाकडचाच का? बँकेत चेक वटवताना कापायचे ती वटणावळ कुठली मग?

पोथीनिष्ठ
वटणावळीचा वेगळा धागा काढा. मी येतो तिकडे.